पेशींतील जागल्या आणि म्हातारपण

मनुष्य म्हातारा कां होतो, हा प्रश्न फार जुना आहे; आणि कर्करोग कां होतो, हा प्रश्नहि नवा नाहीं. वरवर पाहतां हे दोन प्रश्न एकमेकांपासून अगदीं दूरचे वाटतात. म्हातारपणीं शरीराची झीज भरून येत नाहीं व शक्ति कमी होते. उलट कर्करोगांत शरीराचा एखादा भाग बेसुमार वाढूं लागतो. एक दुखणें न वाढण्याचें, तर दुसरें नको तितकें वाढण्याचें. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जें संशोधन झालें, त्यावरून असें दिसून आलें आहे कीं, या दोहोंच्या मुळाशीं पेशींतील कांहीं थोडीं प्रथिनें आहेत. आणि जें प्रथिन आपणांस कर्करोगापासून वांचवितें, त्याचाच म्हातारपणाशीं निकट संबंध आहे. विषय कठिण खरा. तथापि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तो समजण्यासारखा आहे, व पालकांनाहि त्यांतून कांहीं व्यवहारोपयोगी बोध घेतां येईल, असें वाटल्यावरून तो येथें शक्य तितक्या सोप्या भाषेंत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशी आणि तिच्यांतील चुली

आपलें शरीर अदमासें ३० लक्ष कोटि पेशींचें बनलेलें आहे. बहुतेक प्रकारच्या पेशींत एक केंद्रक असतें व त्यांत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए नांवाच्या लांबलचक रेणूची गुंडाळी होय. या रेणूवर अवघ्या चार अक्षरांच्या लिपींत शरीराच्या घडणीची सारी पोथी लिहिलेली आहे. या पोथींतील एकेका पाठास जनुक म्हणतात, व पुष्कळशा जनुकांवरून पेशी निरनिराळीं प्रथिनें तयार करते. आज्ञा जनुकांत असते. प्रत्यक्ष काम प्रथिनें करतात.

केंद्रकाच्या बाहेर, पेशीच्या पोटांत, तंतुकणिका असतात. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं त्यांचें इंग्रजी ग्रंथांत रूढ असलेलें मायटोकॉन्ड्रिया हें नांव प्रचारांत आणिलें. हृदयासारख्या अखंड राबणाऱ्या अवयवाच्या पेशींत त्या फार मोठ्या संख्येनें असतात, तर पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशींत एकहि नसते. तंतुकणिका ही पेशीची चूल आहे असें समजावें. आपण खाल्लेल्या अन्नाचा अंश हें तिचें सरपण. श्वासाबरोबर घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्यानें तें तेथें हळूहळू जळतें, व त्यांतून निघालेली शक्ति एटीपी नांवाच्या रेणूंत सांठविली जाते. स्नायूंची हालचाल, हृदयाचे ठोके, मेंदूचें काम हीं सर्व याच शक्तीवर चालतात.

चूल म्हटली कीं धूर आलाच. तंतुकणिकेंतहि प्राणवायूचे कांहीं कण अर्धवट बदलून अतिशय क्रियाशील बनतात आणि आसपासच्या प्रथिनांस व डीएनएस इजा करतात. चूल चांगली असेल तर धूर थोडा व आंच पुष्कळ; चूल मोडकळीस आली कीं धूर पुष्कळ व आंच थोडी. हा दृष्टांत विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट. तंतुकणिकेला स्वतःचें थोडेंसें डीएनए असतें. मनुष्याच्या या डीएनएची संपूर्ण वाचणी केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत १६,५६९ अक्षरजोड्या व केवळ ३७ जनुकें आहेत. परंतु तंतुकणिकेला लागणाऱ्या प्रथिनांची संख्या हजाराहून अधिक आहे. म्हणजे बहुतेक सर्व सामान केंद्रकांतील जनुकांच्या आज्ञेनें तयार होऊन तिला बाहेरून पुरवावें लागतें. केंद्रकानें हा पुरवठा आंखडता घेतला कीं चूल मंदावलीच.

जागल्याची ओळख

पूर्वीं गांवोगांव रात्रीं पहारा करणारा जागल्या असे. चोराची चाहूल लागली कीं तो आरोळी देई. पेशीमध्येंहि असे पहारेकरी आहेत. गांठी होऊं न देण्याचें काम करणारीं म्हणून त्यांस अर्बुदरोधक प्रथिनें असें म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रथिनाचें नांव पी-५३ असें आहे. त्याचा शोध १९७९ सालीं निरनिराळ्या देशांतील अनेक संशोधकांनीं स्वतंत्रपणें लाविला. लंडन येथील डेव्हिड लेन व अमेरिकेंतील आर्नल्ड लेव्हिन हे त्यांपैकीं दोघे. माकडांत आढळणाऱ्या एसव्ही-४० नांवाच्या विषाणूचें एक प्रथिन पेशींत शिरलें असतां तें पेशीच्या ज्या प्रथिनाला चिकटून बसतें, तेंच हें. त्याचें वजन करतांना आंकडा ५३ हजारांच्या आसपास आला, म्हणून त्याला हें नांव मिळालें. नीट मोजतां तें वजन ४४ हजारांहूनहि थोडें कमीच भरतें. परंतु पडलेलें नांव तसेंच राहिलें.

पहिलीं दहा वर्षें या जागल्यालाच चोर समजण्यांत येत होतें! कर्करोगाच्या पेशींत हें प्रथिन पुष्कळ सांपडे, म्हणून तेंच रोग उत्पन्न करीत असावें असा सर्वांचा ग्रह झाला. पुढें १९८९ सालीं असें सिद्ध झालें कीं, प्रयोगांत वापरलेलें प्रथिन मुळांत बिघडलेल्या जनुकापासून झालेलें होतें. निर्दोष पी-५३ रोगाला अटकाव करतें. मनुष्याच्या एकंदर कर्करोगांपैकीं जवळजवळ निम्म्यांत या एकट्या जनुकांत बिघाड आढळतो. हें जनुक आपल्या सतराव्या गुणसूत्रावर आहे. कांहीं थोड्या कुटुंबांत तें जन्मतःच सदोष असतें, व त्या घरांतील माणसांस लहान वयांतच निरनिराळे कर्करोग होतात. अशा कुटुंबांचें वर्णन फ्रेडरिक ली व जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६९ सालीं केलें होतें. त्याचें कारण पी-५३ चा दोष हें असल्याचें १९९० सालीं कळून आलें.

हा जागल्या काम कसें करतो? निरोगी पेशींत पी-५३ सतत तयार होत असतें, परंतु एमडीएम-२ नांवाचें दुसरें एक प्रथिन त्याची लागलीच विल्हेवाट लावितें. त्यामुळें तें साठून राहत नाहीं. डीएनएस इजा होतांच ही विल्हेवाट थांबते व पी-५३ झपाट्यानें साठूं लागतें. मग तें डीएनएवर ठिकठिकाणीं बसून शेंकडों जनुकांस आज्ञा देतें. इजा किरकोळ असेल तर पेशीचें विभाजन तात्पुरतें थांबवून दुरुस्तीस अवसर दिला जातो. इजा मोठी असेल तर दोन मार्ग उरतात. एक, त्या पेशीनें कायमचें विभाजन सोडून द्यावें. यास पेशीची वार्धक्यावस्था म्हणतात. दुसरा, पेशीनें आपला शेवट करून घ्यावा. बिघडलेल्या एका पेशीपायीं सबंध शरीराचा घात होऊं नये, हा या योजनेचा परिणाम आहे.

पेशीच्या विभाजनास मर्यादा

पेशी कितीहि वेळा विभागूं शकते असें एके काळीं मानीत असत. न्यूयॉर्क येथें अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा कांचेच्या पात्रांत वाढविण्यास सुरुवात केली, आणि त्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे खुद्द कॅरेल यांच्या मृत्यूनंतरहि, जिवंत राखल्या गेल्या. पेशी अमर आहे असें त्यावरून सर्वत्र शिकविलें जाऊं लागलें. परंतु दुसऱ्या कोणालाहि हा प्रयोग साधला नाहीं. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं फिलाडेल्फिया येथें मानवी पेशींवर काळजीपूर्वक प्रयोग करून १९६१ सालीं दाखवून दिलें कीं, सामान्य मानवी पेशी सुमारें ५० वेळां विभागतात व नंतर थांबतात.

या मर्यादेचें एक कारण गुणसूत्रांच्या टोकाशीं आहे. लुगड्याच्या पदराच्या दशांना गांठी मारलेल्या असतात, म्हणून वस्त्र उसवत नाहीं. तशाच प्रकारें प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला सहा अक्षरांचा एकच शब्द हजारों वेळां लिहिलेला असतो. या भागास टेलोमिअर म्हणतात. दर विभाजनाच्या वेळीं हें टोंक थोडथोडें झिजतें. तें फार आंखूड झालें कीं पेशीला तें तुटलेल्या डीएनएसारखें भासतें, आणि तत्काळ जागल्या उठतो. टेलोमिअर व तें पुन्हां लांबविणारें टेलोमरेज हें प्रथिन यांवरील शोधांबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टॅक या तिघांस २००९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

जागल्या आणि चूल

आतां आपण मुख्य मुद्द्याशीं आलों. केंद्रकांत पहारा करणाऱ्या पी-५३ चा पेशीच्या चुलीशीं काय संबंध? तो तीन प्रकारचा आहे.

पहिला संबंध पोषणाचा. सामान्य परिस्थितींत पी-५३ चूल नीट पेटती ठेवण्यास मदत करतें. एससीओ-२ नांवाचें एक प्रथिन तंतुकणिकेंतील ज्वलनाची सामग्री जुळवून देतें, व तें किती तयार व्हावें यावर पी-५३ चा ताबा आहे. हें २००६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. ज्या उंदरांत पी-५३ मुळींच नव्हतें, ते पोहण्याच्या परीक्षेंत इतरांपेक्षां लौकर थकले. कर्करोगाच्या पेशी प्राणवायु असूनहि साखर अर्धवट आंबवूनच पुष्कळशी शक्ति मिळवितात, असें ऑटो वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत नमूद करून ठेविलें होतें. या विचित्र संवयीचा कांहीं उलगडा या शोधानें झाला. जागल्याच नाहींसा झाला म्हणजे चुलीकडेहि दुर्लक्ष होतें.

दुसरा संबंध मृत्यूचा. पेशीचा शेवट करण्याचें ठरलें म्हणजे पी-५३ कांहीं अशीं प्रथिनें निर्माण करवितें कीं, तीं तंतुकणिकेच्या बाहेरील आवरणास छिद्रें पाडण्याची व्यवस्था करतात. तें स्वतःहि केंद्रकाबाहेर पडून तेथें जाऊन पोंचतें. मग तंतुकणिकेंतील सायटोक्रोम-सी नांवाचें प्रथिन बाहेर गळतें. एरवीं हेंच प्रथिन ज्वलनाच्या कामीं राबत असतें. परंतु बाहेर पडतांच तें पेशीच्या विघटनाचा आरंभ करून देतें. ज्या चुलीवर पेशी जगली, तिच्यांतूनच तिच्या शेवटाची सूचना निघते.

तिसरा संबंध म्हातारपणाचा, व तोच या लेखाचा गाभा आहे. बोस्टन येथें रोनाल्ड डीपिन्हो व एर्गुन शाहिन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २०११ सालीं एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं असे उंदीर घेतले कीं, ज्यांच्यांत टेलोमरेज नव्हतें. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीं टेलोमिअरें झिजत गेलीं होतीं. या उंदरांच्या पेशींत पी-५३ सतत जागें राहिलें, आणि त्यानें पीजीसी-१ अल्फा व पीजीसी-१ बीटा या दोन प्रथिनांचें उत्पादन दाबून टाकिलें. हीं दोन प्रथिनें म्हणजे नव्या तंतुकणिका घडविण्याच्या कामावरचे मुकादम होत. मुकादमच नाहींत म्हटल्यावर जुन्या चुलींची डागडुजी थांबली. हृदय व यकृत यांची शक्ति घटली, एटीपी कमी झालें आणि धूर वाढला. वाढलेल्या धुरानें डीएनएस आणखी इजा, त्यामुळें पी-५३ आणखी जागें, असें हें दुष्ट चक्र फिरूं लागलें. अशाच उंदरांतून पी-५३ काढून टाकलें असतां मुकादम पुष्कळ अंशीं परत आले व चुलीहि सुधारल्या.

वारा सुटला असतां जागल्यानें घरोघरीं "चुली विझवा" म्हणून आरोळी दिली तर गांव आगींतून वांचतें. परंतु वारा कधींच थांबला नाहीं व आरोळीहि थांबली नाहीं, तर त्याच गांवाची उपासमार होते. म्हातारपणीं आपल्या पेशींत जें घडतें, त्याचा एक भाग अशा प्रकारचा आहे.

संरक्षणाची किंमत

तर मग पहारा कडक करावा कीं सैल? ह्यूस्टन येथील लॅरी डोनहावर व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं उंदरांमध्यें पी-५३ नेहमींपेक्षां अधिक जोरानें व अव्याहत काम करीत होतें. सामान्य उंदरांपैकीं शेंकडा ४५ हून अधिकांस गांठी झाल्या, तर अशा ३५ उंदरांपैकीं केवळ दोघांस झाल्या. परंतु ते अकालीं म्हातारे झाले. त्यांचीं हाडें ठिसूळ झालीं, पाठीला पोंक आलें, जखमा भरून येण्यास विलंब लागूं लागला. सामान्य उंदीर मध्यम मानानें ११८ आठवडे जगले, तर हे केवळ ९६. कर्करोग टळला, पण आयुष्य वाढलें नाहीं.

यावरून पहारा वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. मॅड्रिड येथें मॅन्युएल सेरानो यांच्या प्रयोगशाळेंत २००७ सालीं अशा उंदरांचा अभ्यास झाला कीं, ज्यांना पी-५३ व त्याला जागें करणारें एआरएफ या दोहोंचीं जास्तीचीं जनुकें होतीं, परंतु तीं गरजेपुरतींच काम करीत. या उंदरांस कर्करोग कमी झाला आणि ते अधिक दिवस जगलेहि. जागल्यांची संख्या वाढल्यानें नुकसान नाहीं. अकारण व अखंड आरोळीनें नुकसान आहे. हत्तीचें उदाहरणहि येथें घेण्याजोगें आहे. एवढ्या प्रचंड देहांत पेशी अगणित. तरी कर्करोगानें मरणारे हत्ती शेंकडा पांचच्या आसपास आढळतात. मनुष्याच्या गुणसूत्रांच्या एका संचांत पी-५३ चें एक जनुक असतें, तर हत्तीच्या संचांत तशा सुमारें २० प्रती आहेत, असें २०१५ सालीं उघडकीस आलें. त्या प्रतींपैकीं बहुतेक मूळ जनुकाच्या अपुऱ्या नकला आहेत. तथापि इजा झालेली पेशी लौकर काढून टाकण्याचा गुण हत्तीच्या पेशींत विशेष दिसतो.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि म्हातारपणाचें कारणहि एकटें पी-५३ नव्हे. तरीसुद्धां एवढें खात्रीनें म्हणतां येतें कीं, पेशीची वाढ थांबविण्याची शक्ति हें आपल्या शरीराचें मोठें धन आहे, व त्या धनासाठीं थोडें म्हातारपण आपण मोजीत असतों.

यांतून घ्यावयाचा बोध

प्रथम पालकांस. तारुण्य परत आणूं म्हणणाऱ्या औषधांच्या जाहिराती पूर्वीं वर्तमानपत्रांत येत. आतां त्या हातांतील मोबाइलवर येतात, व त्यांत टेलोमिअर, तंतुकणिका असे शब्द सर्रास वापरलेले असतात. टेलोमिअर लांबविणें ही नुसती लाभाची गोष्ट नव्हे. मनुष्याच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ८५ ते ९० कर्करोगांच्या पेशी टेलोमरेजच्याच बळावर मर्यादा ओलांडून वाढतात. ज्या कुलपाची किल्ली आपण तारुण्यासाठीं शोधतों, तीच किल्ली चोराच्याहि हातीं असते. मनुष्याचें वार्धक्य हटवितें असें सिद्ध झालेलें एकहि औषध आजमितीस नाहीं. म्हणून घरांतील वृद्ध माणसांचा पैसा अशा बाटल्यांवर खर्च होऊं देऊं नये.

आतां विद्यार्थ्यांस. तंबाखूच्या धुरांत बेंझोपायरीन नांवाचा पदार्थ असतो. पी-५३ च्या जनुकांतील ज्या ठराविक जागा धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगांत वारंवार बिघडलेल्या आढळतात, नेमक्या त्याच जागीं हा पदार्थ जाऊन चिकटतो, असें १९९६ सालीं दाखविण्यांत आलें. म्हणजे चोर घरांत शिरण्यापूर्वीं जागल्यालाच गांठतो. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा यांत धूर नसला तरी कर्करोगकारक द्रव्यें आहेतच. आणि तोंडाचा कर्करोग हा हिंदुस्थानांतील पुरुषांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकीं एक आहे. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं स्थापन झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत असे असंख्य रोगी येतात. तोंडांतील पांढरा अथवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, दुखत नसली तरी डॉक्टरांस दाखवावी. रोग लहान असतां उपाय सोपा असतो.

नियमित व्यायामानें स्नायूंमध्यें नव्या तंतुकणिका निर्माण होतात, आणि त्या कामीं वर सांगितलेला पीजीसी-१ अल्फा हाच मुकादम खपतो. म्हणून शाळेंतील कवाईत व खेळ यांचा तास चुकविणाऱ्या मुलांनीं, आपण आपल्याच चुलींची डागडुजी चुकवीत आहों, हें ध्यानांत घ्यावें. आजीआजोबांसहि रोज झेपेल तितकें चालणें हितकर आहे. नातवंडांनीं त्यांच्यासंगें जावें, म्हणजे दोघांचेंहि काम होईल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तंतुकणिकेस चुलीची उपमा कां दिली आहे? या उपमेंत धूर म्हणजे काय?
२. पी-५३ ला प्रथम रोगकारक समजण्याचें कारण काय होतें, व तो समज केव्हां दूर झाला?
३. टेलोमिअर झिजल्यापासून तंतुकणिका दुर्बळ होईपर्यंतचा क्रम आपल्या शब्दांत लिहा.
४. २००२ व २००७ या सालांच्या प्रयोगांतील उंदरांत कोणता भेद होता? त्या भेदामुळें निकाल कसा बदलला?
५. आपल्या घरीं किंवा शेजारीं तंबाखू खाणारें कोणी असल्यास त्यांस हा विषय चार वाक्यांत कसा समजावून सांगाल, तें लिहा, आणि मग खरोखरच त्यांस सांगा.